४ वाजून ४७ मिनिटांनी मोहोळ उठलं

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी, सावरीच्या एका उंच झाडावरचं आग्या मोहोळ होळीनंतरच्या शनिवारी दुपारी ४ वाजून ४७ मिनिटांनी उठलं. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण त्या क्षणी मास्तर कढईतल्या भज्यांचा फोटो काढत होता आणि त्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, कांद्याच्या ताटावर, उठलेल्या मोहोळातली पहिली माशी आहे. बाकीच्या वेळाही फोनमधल्या फोटोंवरूनच जुळवल्या आहेत.

सगळे जण सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचताना हसू आलं तर कुणी दाबू नये. हसण्यासारखं पुष्कळ घडलं. पण दर उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर, लेण्यांत, कड्याखालच्या देवळांत माणसं अशीच सापडतात, काही दगावतात, आणि लोक म्हणतात की माश्या एकाएकी उठल्या. आमच्याकडे तरी एकाएकी काही झालं नव्हतं. माश्या दुपारपासून सांगत होत्या. काय सांगत होत्या आणि केव्हा, ते क्रमाने लिहितो.

मंडळी कॉलेजातली. आता पन्नाशीला टेकलेली आणि एकमेकांना धंद्यावरून हाका मारणारी: शाळेत शिकवणारा मास्तर, दिवाणी दाव्यांवर जगणारा वकील, बँकेत असल्यामुळे कायमचा खजिनदार झालेला खजिनदार, विमा कंपनीत नोकरी करून मनाने आचारी राहिलेला आचारी, डॉक्टर (आमच्यातली एकटी बाई आणि एकटी समजूतदार) आणि मी.

पहाटे ५.३०. उरले ११ तास १७ मिनिटं

ठाण्याहून निघालो. वकिलाच्या भाच्याने दुबईहून अत्तर पाठवलं होतं. वकिलाचं म्हणणं असं की माणसाने सहलीला निघताना वासाने तरी प्रसन्न असावं. त्याने स्वतःला लावलं, मग मागून हात घालून पुढच्या दोघांच्या कॉलरला लावलं, आणि मास्तर झोपला होता म्हणून त्याच्या दोन्ही कानांमागे लावलं. कसाऱ्याच्या घाटात डॉक्टरने चारही काचा खाली करायला लावल्या.

"अरे, ही गाडी आहे की लग्नाचा हॉल?"

"तुला वासाची कदर नाही," वकील म्हणाला.

मधपाळ पेटीजवळ जाताना अत्तर, सुगंधी तेल, वासाचा साबण, सगळं टाळतात. मधमाशीचं जग मुख्यतः वासाचं आहे. कुठे फुललंय, आपलं कोण, परकं कोण, धोका कुठे आहे, हे ती वासावरून ठरवते. आमची गाडी तो वास घेऊन घोटीकडे निघाली होती.

सकाळी ८.४०. उरले ८ तास ७ मिनिटं

घोटीला मिसळ झाली. आचाऱ्याने तर्रीची चौकशी करायला थेट भटारखाना गाठला आणि तिथेच पंधरा मिनिटं रमला. मग महामार्ग सोडून बारीच्या दिशेला वळलो. उजव्या हाताला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. डोंगर वाळून पिवळे पडलेले, पण झाडं रंगात. पळस पेटलेला, पांगाऱ्याला पान नाही आणि फुलं लालभडक, जांभळीला मोहर, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. हिरड्याच्या फुलांना अजून अवकाश होता.

वसंतातला हा फुलोराच आग्या माश्यांना इथे थोपवून धरतो. या माश्या एका जागी बारा महिने राहत नाहीत. पावसाळा सरला की येतात, फुलोऱ्यावर पोळी बांधतात, पिल्लं वाढवतात आणि पाऊस लागायच्या आत उठून जातात. पुष्कळदा वर्षानंतर त्याच झाडावर, त्याच फांदीवर परत येतात. कामकरी माशी काही आठवडे जगते, म्हणजे परतणाऱ्या कामकऱ्यांपैकी एकीनेही ते झाड आधी पाहिलेलं नसतं. त्यांना ते कसं सापडतं, हा विचार मनात आला की मला आजही थांबायला होतं.

सकाळी १०.२०. उरले ६ तास २७ मिनिटं

शेंडी मागे टाकून रतनवाडीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत पोचलो. भंडारदऱ्याचं धरण, म्हणजे विल्सन धरण, १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचं हे पाणी खाली उसाच्या मुलखात जातं आणि उन्हाळी आवर्तन सुटलं की काठ उघडा पडत जातो. मार्चमध्ये पाणी आणि झाडी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा होता. त्यापलीकडे रतनगड, आणि त्याच्या माथ्यावरचं नेढं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

ज्यांच्या जागेत तंबू ठोकायचे ते मामा, महादेव कोळी समाजातले, सत्तरीच्या घरातले, खांद्यावर घोंगडी. त्यांनी गाडी थांबताच नाकाला पटका लावला. मग आमच्यातल्या कुणाशी काही न बोलता पूर्वेकडच्या सावरीकडे बोट दाखवलं.

"पाव्हणं, तिकडं जायाचं न्हाई. माश्या बसल्यात."

सावर फुलून सांडली होती. खाली जाड लाल फुलांचा सडा, आणि वर आडव्या फांद्यांच्या पोटाला पोळी लटकलेली. खजिनदाराने मोजली, सात. मोठं पोळं दोन हात रुंद सहज असेल. आग्या माश्या ढोलीत किंवा बिळात राहत नाहीत. एकच उघडं पोळं आणि त्यावर माश्यांचेच कित्येक थर. बाहेरच्या थरातल्या माश्या अंगाने अंगाला धरून पडदा करतात आणि आतलं मेण, मध आणि पिल्लं झाकतात. त्यांचं घर म्हणजे त्या स्वतःच. म्हणूनच सातेरीसारखी ढोलीतली माशी जे सोसते ते आग्या सोसत नाही. त्यांच्यात आणि जगात भिंतच नाही.

मामांनी तंबूसाठी घराजवळचं अंगण दाखवलं. अंगणात सावली नव्हती. काठाजवळ एक आंबा होता, दाट, मोहरलेला, सावरीपासून शंभरेक पावलांवर. मामा म्हणाले, "आंब्याखाली बसा, पर जाळ आन् गलका नगं. जाळ करायचा तर अंगणात या." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग ते राजूरला गेले. जाताना तिसऱ्यांदा सांगितलं.

सकाळी ११.४५. उरले ५ तास २ मिनिटं

पोहणं झालं. खजिनदार पँट घालूनच पाण्यात उतरला, कारण खिशात सगळ्यांचे जमा केलेले पैसे होते आणि ते काठावर ठेवायला त्याचा कुणावर विश्वास नव्हता. त्या नोटा नंतर आंब्यावरून पारंबीसारख्या लोंबणाऱ्या एका वेलीवर चिमटे लावून वाळत घातल्या.

मास्तर दुर्बीण घेऊन सावरीकडे पाहत होता. एकदम ओरडला, "अरे, हे बघा! लाट!"

दुर्बीण हातोहात फिरली. पोळ्याच्या काळ्या-सोनेरी पृष्ठभागावरून एक चकाकती लाट सरकन जात होती. क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षक उठून बसतात तशी, पण सेकंद संपायच्या आत पुरी. थांबे, पुन्हा उठे. मास्तरने टाळ्या वाजवल्या. वकिलानेही वाजवल्या.

शेकडो माश्या शेजारणीपाठोपाठ पोटाचं टोक झटक्यात वर उचलतात आणि खाली आणतात, तेव्हा ही लाट दिसते. ऑस्ट्रियातल्या ग्रात्झ विद्यापीठाच्या गेरल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये आग्या पोळ्यांसमोर कॅमेरे लावून तिचा अभ्यास केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. गांधीलमाशी पोळ्याजवळ घिरट्या घालू लागली की लाटा उठतात, आणि लाटा उठल्या की गांधीलमाशी बिचकून मागे सरते. डंख न मारता, एकही माशी न गमावता शत्रूला परतवण्याची ही रीत आहे. लाट म्हणजे त्यांनी आवाज न करता दिलेली ताकीद. एवढी सभ्य ताकीद देणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

पोळ्याभोवती खरोखरच एक गांधीलमाशी होती, दुर्बिणीतून दिसली. म्हणजे त्या लाटा तिच्यासाठी होत्या, आमच्यासाठी अजून नाहीत.

दुपारी २.१०. उरले २ तास ३७ मिनिटं

मामींनी नाचणीच्या भाकरी, चुलीवरचं पिठलं, लसणाचा ठेचा आणि कैरी असं जेवण दिलं. जेवून सगळे आंब्याखाली आडवे झाले. ऊन कडक. खजिनदार पांढरा शर्ट घालून, तिथेच ठोकलेल्या तंबूबाहेर झोपला होता. तो ओरडत उठला.

शर्टावर पिवळे ठिपके. तंबूवर पिवळे ठिपके. वाळत घातलेल्या नोटांवर पिवळे ठिपके.

"हे काय आहे? कोणता पक्षी आहे हा?"

मास्तर म्हणाला वेडा राघू. खरोखर तारेवर वेड्या राघूंची रांग बसली होती आणि ते उडत्या माश्या टिपत होते. पण एवढा मारा राघूंच्या आवाक्यातला नव्हता. वकिलाने हळद असल्याचा निर्वाळा दिला आणि संशय आचाऱ्यावर घेतला. आचाऱ्याने शपथ घेतली.

या ठिपक्यांना मोठा इतिहास आहे. १९८१ साली अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर आरोप केला की सोव्हिएत संघाच्या पाठबळाने लाओस आणि कंबोडियात विषारी अस्त्र वापरलं जातंय. निर्वासित सांगत होते की आकाशातून पिवळा पाऊस पडतो, पानांवर आणि घरांवर पिवळे ठिपके उमटतात. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ठिपके तपासले तेव्हा त्यांत परागकण निघाले, तेही आतला ऐवज पचून गेलेले, नुसती टरफलं उरलेले. १९८४ मध्ये मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली थायलंडच्या रानात गेले आणि आग्या पोळ्यांजवळ उभे असताना त्यांच्याच अंगावर तो पिवळा पाऊस पडला. माश्या एकगठ्ठा उडून विष्ठा टाकत होत्या. ज्या गोष्टीवरून दोन महासत्तांमध्ये आरोप चालले, त्या गोष्टीने खजिनदाराचा शर्ट खराब केला होता.

आग्या माश्या हे कडक उन्हात करतात, आणि शरीराचं तापमान उतरवायला त्याचा उपयोग होत असावा, असं यावरचं संशोधन सांगतं. घटनाक्रमाच्या दृष्टीने मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. ते ठिपके पडतात तिथवर माश्यांची ये-जा असते. आंब्याची सावली त्यांच्या वाटेखाली होती. सकाळच्या लाटांपेक्षा ही सूचना जास्त स्पष्ट होती आणि आमच्या कपड्यांवर लिहिलेली होती.

डॉक्टर म्हणाली, "मी सामान अंगणात हलवते." आणि तिने स्वतःचं सामान हलवलं. औषधांची पेटी त्या सामानात होती. पुढच्या सगळ्या प्रकारात ती पेटी मोहोळापासून लांब, मामांच्या ओसरीवर होती, याचं श्रेय तिच्या एकटीचं.

दुपारी ३.५०. उरली ५७ मिनिटं

आचारी महिनाभर या क्षणाची वाट पाहत होता. पाण्याकाठी, तीन दगडांच्या चुलीवर, कांदाभजी. अंगणात चूल आहे, असं डॉक्टरने बजावलं. आचाऱ्याला समोर पाणी दिसायला हवं होतं. त्याने काठावरची वाहून आलेली लाकडं गोळा केली. ती वरून वाळलेली आणि आतून ओली. धूर झाला. चिलटं पळावीत म्हणून त्याने वर दोन गोवऱ्या ठेवल्या. धूर दाट झाला.

सकाळपासून हवा पडलेली होती. मार्चमध्ये उन्हं कलली की पश्चिमेचा वारा घाट चढून वर येतो. तो आला. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, मास्तरने "वा!" म्हटलं, आणि चुलीचा धूर जमिनीलगत आडवा होऊन पूर्वेला, सावरीच्या दिशेने निघाला.

इथे एक गैरसमज नडतो. पेटीतल्या माश्या धुराने शांत होतात, हे पुष्कळांनी पाहिलेलं असतं. मधपाळ मोजका, थंड धूर देतो. माश्या मध पोटात भरू लागतात आणि इशाऱ्याचा वास धुरात दबतो. उघड्यावर लटकलेल्या पोळ्याला दिवसाढवळ्या लांबून आलेला धूर म्हणजे वणवा. आग्याचा मध काढणारी जाणती माणसं अंधारात जातात. दुपारी चार वाजता कुणी जात नाही.

दुपारी ४.३१. उरली १६ मिनिटं

पहिल्या माश्या आल्या. चार-पाच असतील. त्या चावल्या नाहीत. माणसाच्या तोंडासमोर येऊन घोंगावायच्या, कपाळाला धडक द्यायच्या, मागे जायच्या, पुन्हा यायच्या. या पहारेकरी. ही शेवटची ताकीद, आणि तिचा अर्थ इतकाच असतो की हात न हलवता, न धावता, आलेल्या वाटेने मागे फिरा. त्या वेळी मागे फिरणाऱ्याला बहुधा काही होत नाही.

वकिलाने वर्तमानपत्राची सुरळी केली.

त्याच्या अंगात काळा टी-शर्ट होता, मानेला ऊन लागून अत्तर पुन्हा दरवळत होतं, आणि त्याचा नेम दुर्दैवाने चांगला होता. त्याने एक माशी भजीच्या पिठाच्या पातेल्यावर चिरडली. माशी डंख मारते किंवा चिरडली जाते तेव्हा एक वास सुटतो, आणि तो वास बाकीच्यांना सांगतो की इथे, यालाच. त्यातलं मुख्य रसायन पिकल्या केळ्याच्या वासातही असतं. आग्याच्या वासात आणखी एक पदार्थ असतो, जो जास्त वेळ टिकतो, म्हणून त्या लवकर विसरत नाहीत. मास्तर शेजारी केळं सोलत होता. मधपाळ पेट्यांपाशी केळी खात नाहीत, पण मास्तरच्या केळ्यावर मी दोष ठेवणार नाही. वर्तमानपत्र पुरेसं होतं.

दुपारी ४.४४. उरली ३ मिनिटं

मधुबाज आला.

हा शिकारी पक्षी मुख्यतः पोळ्यांवर जगतो. तोंडावर खवल्यांसारखी दाट, बारीक पिसं असतात, त्यांमुळे त्याला डंखांची फारशी तमा नसते. तो दक्षिणेकडून खाली आला, मधल्या पोळ्याला पायांनी धडकला आणि एक तुकडा घेऊन पाण्यावरून निघून गेला. मास्तरने त्याला ओळखलं, त्याचं नाव मोठ्याने घेतलं आणि आनंदाने नाचला. गेली कित्येक वर्षं त्याला तो पाहायचा होता. उत्साहाच्या भरात त्याने भज्यांचाही फोटो काढायला घेतला.

सावरीकडून आवाज आला. भरलेला ट्रक चढावर गिअर बदलतो तेव्हाचा आवाज, असं पहिल्यांदा वाटलं. रस्त्यावर ट्रक नव्हता.

मधुबाज उडून जातो. माश्यांना तो सापडत नाही. खाली जे हलतंय, ज्याच्या अंगाला इशाऱ्याचा वास आहे, ते सापडतं.

४.४७

आधी सावरीखाली अंधार पडल्यासारखं झालं आणि तो अंधार धुराच्याच रेषेने आमच्याकडे आला. डॉक्टर ओसरीवरून जिवाच्या आकांताने ओरडत होती: "घराकडे पळा! तोंड झाका! पाण्यात जाऊ नका! घराकडे!"

आचारी कढई सोडायला तयार नव्हता. दोन डंख कानाला बसल्यावर त्याने कढई सोडली आणि झारा घेऊन पळाला. तो झारा राजूरपर्यंत त्याच्या हातात होता. मी चादर डोक्यावरून ओढून मास्तरच्या दंडाला धरलं आणि आम्ही दोघं चादरीत घराकडे निघालो. मास्तर एका डोळ्याने मागे बघत होता. "पोळ्याचा पडदा फुटलाय, बघ, पडदा फुटलाय," असं तो धावता धावता शिकवत होता.

खजिनदार पाण्यात गेला. वकील त्याच्या पाठोपाठ.

पाणी वाचवत नाही. आग्या माश्या पाण्यावर थांबतात आणि डोकं वर आलं की डोक्यावर बसतात. शिवाय धरणाचा काठ फसवा असतो, गाळात पाय रुततो आणि दोन पावलांवर खोली. दर श्वासाला दोघांची डोकी वर येत आणि वरचा ढग खाली उतरे. खजिनदाराने गाळातून एक बादली शोधली आणि डोक्यावर उपडी घातली. बादलीच्या आतून तो वकिलाला हाका मारत होता, "मी इथे आहे! तू कुठे आहेस?" त्या हाका काठभर घुमत होत्या. मला हे आठवून आजही हसू येतं, आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, कारण वकील उत्तर देत नव्हता.

राजूरहून मामा तेवढ्यात परतले होते. त्यांनी काय घडलंय हे विचारलं नाही. घोंगडी पाण्यात बुडवली, पिळली, डोक्यावरून अंगभर घेतली आणि संथ चालत काठाशी गेले. धावले नाहीत, हात हलवला नाही. आधी वकिलाला घोंगडीत घेतलं. मग खजिनदाराला बादलीसकट. तीन माणसं आणि एक बादली अशी ती घोंगडी शंभर पावलं चालत अंगणात आली.

४.५८

मामींनी घराची दारं लावली आणि दिवा घालवला. कौलातल्या काचेतून तेवढा उजेड येत होता. आमच्याबरोबर आत आलेल्या माश्या माणसांना सोडून त्या काचेकडे गेल्या आणि तिथेच भिणभिणत राहिल्या. मामींना हे माहीत होतं.

डॉक्टरने काटे काढायला घेतले. मधमाशीच्या नांगीला उलटे दात असतात. डंख मारला की नांगी, विषाची पिशवी आणि तिला हलवणारे स्नायू असं सगळं कातडीत राहतं आणि पिशवी आत विष ढकलत राहते. माशी मरते. चिमट्याने धरू नये, नखाने खरवडावं, अशी समजूत आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. डॉक्टरने नखं वापरली, खजिनदाराचं एटीएम कार्ड वापरलं, मामींचा कंगवाही वापरला. वकिलाच्या पाठीवरचे काटे ऐंशीच्या पुढे मोजणं तिने सोडून दिलं.

५.०५

सगळ्यांचं लक्ष वकिलाकडे असताना मास्तर म्हणाला, "माझा आवाज असा का येतोय?"

त्याला सगळ्यांत कमी डंख होते. तीन. पण ओठ सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता आणि तो उभ्याउभ्या भिंतीला टेकला. डॉक्टरने पेटी उघडली, ॲड्रेनलिन काढलं आणि पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. त्याला आडवं केलं, पाय पोत्यावर ठेवले. त्या खोलीत एवढी शांतता मी आयुष्यात अनुभवली नाही.

विषाचे दोन धोके वेगळे असतात. एकात डंख शेकडो लागतात आणि विष शरीराला झेपत नाही. दुसऱ्यात एखादाच डंख, पण शरीरच उसळून उठतं, घसा आवळतो, रक्तदाब पडतो. दुसरा धोका मिनिटांचा असतो आणि त्यावर ॲड्रेनलिनइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. चुना, हळद, कांदा यांनी ठणका निवत असेल, घसा उघडत नाही.

दहा मिनिटांनी मास्तरने विचारलं, "मधुबाजाचा फोटो कुणी काढला का?" तेव्हा डॉक्टर रडली.

५.४०

गाडीची किल्ली खजिनदाराच्या खिशात, सकाळपासून दोनदा बुडालेली. गाडीने तिला ओळखायला नकार दिला. मामांच्या पुतण्याने पिकअप काढला. मागे गवत, त्यावर आम्ही, आणि हातात झारा घेतलेला आचारी. राजूरच्या सरकारी दवाखान्यात सलाइन लागली, इंजेक्शनं झाली. तिथल्या सिस्टरने झाऱ्याकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं आणि विचारलं, "मारामारी का?" वकिलाच्या डोळ्यांच्या जागी दोन रेघा उरल्या होत्या. त्याने त्याही अवस्थेत सांगितलं की अशील या प्रश्नाचं उत्तर देणार नाही.

डंखांची संख्या पाहून तिथल्या डॉक्टरांनी वकिलाला रात्रीच नाशिकला हलवायला सांगितलं, आणि १०८ ची गाडी आली. मास्तरलाही सोबत नेलं, कारण ॲड्रेनलिनचा असर ओसरला की त्रास काही तासांनी उलटू शकतो.

रविवार, सकाळी ६.००

खूप डंख लागले की पुढचा एक-दोन दिवसांचा काळ मूत्रपिंडांचा असतो. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडांत अडकतो, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागते. म्हणून वॉर्डात वकिलाच्या हातात बाटली दिली होती. आम्ही पाच जण पडद्याबाहेर उभे. पन्नाशीची पाच माणसं एका माणसाच्या लघवीची इतक्या आतुरतेने वाट पाहतायत, हे पाहून शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या.

"रंग?" डॉक्टरने विचारलं.

पडद्याआडून वकिलाचा आवाज आला. "प्रतिवादीच्या मते फिका पिवळा."

आजींनी हात जोडले.

सकाळी ११.१५

मामांचा फोन आला. माश्या रात्रीच पोळ्यांवर परतल्या होत्या. मधल्या पोळ्याचा कोपरा तुटला होता, पण पडदा पुन्हा धरला होता. तंबू ते अंधार पडल्यावर गुंडाळून ठेवणार होते. नोटा वेलीवर तशाच होत्या, मोजून ठेवल्यात म्हणाले. खजिनदाराने रक्कम विचारली आणि ती बरोबर निघाली.

त्याच वेळी तपासणीचा दुसरा अहवाल हातात पडला. क्रिएटिनीन आदल्या रात्रीएवढंच, वाढलेलं नाही. डॉक्टरने तो दोनदा वाचला, मग मोठ्याने वाचला. मास्तर म्हणाला पुढच्या वेळी आपण आधी पोळ्यांची पाहणी करू. आचाऱ्याने झारा पिशवीत घातला आणि घरी नेमकं काय सांगायचं, यावर वकिलाच्या खाटेभोवती जोरदार भांडण सुरू झालं.